एआरटी सुरू झाल्यावर अंगावर पुरळ: गोळ्या बंद करायच्या आधी

लालबागहून एका ताईंनी भावाविषयी विचारलं आहे. भाऊ ३४ वर्षांचा, एचआयव्ही आहे, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ८६. सोळा दिवसांपूर्वी त्याच्या तीन गोळ्या एकदमच सुरू झाल्या: रात्रीची टीएलडी (एचआयव्हीवरची तीन औषधं एकत्र असलेली गोळी, म्हणजेच त्याची एआरटी), इतर संसर्ग टाळण्यासाठी रोजची कोट्रायमोक्साझोल आणि टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड. हातापायांवर खाजणारे काळपट पुळे वर्षभरापासून आहेतच. आता चार दिवस झाले, छातीवर आणि पाठीवर लाल, बारीक पुरळ उठलं आहे आणि मध्ये एक दिवस कणकण होती. चाळीतले लोक म्हणतात, "औषध गरम पडलं, आठवडाभर सगळं बंद कर." बंद करावं का?

स्वतःच्या मनाने काहीच बंद करू नका. पण त्याआधी आज, आत्ता, पाच मिनिटं काढून त्याला उजेडात बसवा आणि नीट बघा. डोळे लाल झालेत का, चिकट झालेत का. ओठांवर, तोंडात, जिभेखाली फोड किंवा सोललेली जागा आहे का. लघवीला जळजळ होते का. चेहरा किंवा पापण्या सुजल्यात का. अंगावर पाण्याचे फोड, मध्ये काळसर-जांभळे ठिपके, किंवा बोटाने हलकं दाबून सरकवलं तर निघून येणारी कातडी आहे का. आणि एक प्रश्न त्यालाच विचारा: खाज सुटते की कातडी दुखते? साधं औषधी पुरळ खाजतं. दुखणारी, भाजल्यासारखी वाटणारी कातडी ही स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची, म्हणजे औषधामुळे कातडी सोलून निघणाऱ्या जीवघेण्या आजाराची, सुरुवात असू शकते. यातलं काहीही असेल, किंवा पुरळासोबत चढता ताप, दम, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर पुढची एकही गोळी देऊ नका. सगळ्या डब्या पिशवीत घाला आणि केईएम, सायन, नायर, जेजे, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत त्याच तासाला पोचा. सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.

तुमच्या लिहिण्यात यातलं काही दिसत नाही, म्हणून पुढचं सांगतो. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान होत नाही, पण तारखा बरंच बोलतात. सोळा दिवसांपूर्वी गोळ्या, चार दिवसांपूर्वी पुरळ, म्हणजे बाराव्या दिवशी उठलं. धडावर लाल, बारीक पुरळ, एखाद्या दिवसाची कणकण. या वर्णनात पहिला संशय कोट्रायमोक्साझोलवर जातो, टीएलडीवर नाही. सल्फाच्या या गोळीचं पुरळ साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत उठतं आणि एचआयव्ही असलेल्यांत ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतं. टीएलडीत टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम असतं. यातल्या डोल्युटेग्रॅविरची ॲलर्जी होऊ शकते, पण ती विरळा. त्याच्या हातापायांवरचे वर्षभराचे पुळे तर गोळ्यांच्या आधीपासूनचे. म्हणजे अंगावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचं खापर एका गोळीवर फुटतंय.

कोट्रायमोक्साझोलचं पुरळ किती गंभीर आहे यावर पुढचं ठरतं. नुसती लाली आणि खाज असेल, किंवा अंगभर पुरळ आहे पण कोरडं आहे, तर डॉक्टर बहुतेक वेळा गोळी चालू ठेवतात, सोबत सेटिरिझिन १० मिलिग्रॅम रात्री, वरून कॅलामाइन, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघतात. बऱ्याच जणांचं पुरळ गोळी चालू असतानाच विरतं. फोड आले, कातडी ओली सोलली किंवा तोंडात व्रण झाले तर गोळी थांबते. काही जणांना बरं झाल्यावर अगदी छोट्या मात्रेपासून वाढवत नेऊन ती पुन्हा देता येते. पण स्टीव्हन्स-जॉन्सन होऊन गेला असेल तर आयुष्यात पुन्हा कधीच नाही. त्या माणसाच्या कागदावर 'सल्फा नको' असं लाल शाईने लिहिलेलं हवं. पर्याय म्हणून डॅप्सोन १०० मिलिग्रॅम रोज देतात, त्याआधी जी-६-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची तपासणी करून. डॅप्सोन एकटं न्यूमोनिया थोपवतं, मेंदूला होणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माच्या संसर्गासाठी ते पुरेसं नाही. ८६ सीडी४ असताना ही साधी दिसणारी पांढरी गोळी फुप्फुस आणि मेंदू वाचवत असते, म्हणून ती घालवायची घाई नको.

गोळी थांबवली तरी पुरळ त्याच दिवशी जात नाही, हेही ध्यानात ठेवा. पहिले दोन-तीन दिवस ते वाढल्यासारखंही वाटतं, मग फिकट तपकिरी होतं, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत जातं. लोक इथेच फसतात. तिसऱ्या दिवशी "अजून आहेच की" म्हणून दुसरी गोळीही बंद करतात, आणि मग दोष कुणाचा हे कुणालाच कळत नाही.

"गरम पडलं" ही भीती अगदी हवेतून आलेली नाही. सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली तेव्हा त्यात नेव्हिरॅपिन होतं आणि त्याचं पुरळ खरंच वारंवार यायचं, कधी जिवावरही बेतायचं. त्यामुळे पहिले १४ दिवस २०० मिलिग्रॅम एकदाच आणि मग दोनदा अशी चढती मात्रा असायची. त्या काळातल्या कुणाचा तरी अनुभव चाळीत अजून फिरतोय. आज तुमच्या भावाच्या डबीत ते औषध नाही. त्याच्यानंतर आलेल्या एफाविरेंझनेही दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पुरळ यायचं, पण बहुतेकांचं आपोआप जायचं.

गरम पडलं म्हणून घरात जे उपाय होतात, त्यात सब्जा, गुलकंद, कोकम सरबत यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती ॲसिडिटीच्या गुलाबी पातळ औषधाला, आणि तीही फक्त वेळेबाबत. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्रॅविरला आतड्यात धरून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. घ्यायचंच असेल तर टीएलडी त्याच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच, फरक इतकाच की त्या जेवणाबरोबर टीएलडीसोबत चालतात.

सगळं आठवडाभर बंद केलं तर काय बिघडतं? विषाणू पुन्हा वाढायला लागतो, ८६ ची सीडी४ आणखी खाली जाऊ शकते आणि अर्धवट औषधात विषाणू चिवट होण्याचा धोका असतो. शिवाय टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही कावीळ बी (हिपॅटायटिस बी) वरचीही औषधं आहेत. ज्याला ती कावीळ आहे त्याने ही औषधं अचानक सोडली तर यकृत भडकू शकतं. त्याची एचबीएसएजी (कावीळ बीची) तपासणी झाली आहे का, हे त्याच्या एआरटीच्या पुस्तकात बघा. एआरटी थांबवायचीच वेळ आली तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सगळी एकदम थांबते. एआरटीतल्या तीन औषधांपैकी एखादं वगळून अर्धी मुर्धी घेत राहणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

आयसोनियाझिडवरचा संशयही सोडता येत नाही. तिचंही पुरळ येतं आणि तिच्यामुळे यकृताला सूज येऊ शकते, म्हणून एआरटी सेंटरला गेलात की इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) धरून सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, यकृतासाठी एसजीपीटी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन मागून घ्या. दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान चेहरा सुजून, मानेत गाठी येऊन, तापासह पुरळ पसरलं आणि इओसिनोफिल वाढले तर त्याला ड्रेस म्हणतात. त्यात यकृत, मूत्रपिंड दोन्ही सापडतात आणि भरती लागते. पुढे काही महिन्यांनी मानेभोवती आणि हातांच्या उन्हाच्या भागावर काळी, खरखरीत, पापुद्रे निघणारी कातडी दिसली तर तेही आयसोनियाझिडमुळे नायसिन (बी ३ जीवनसत्त्व) कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. दारू पिणाऱ्यांत आणि नीट न जेवणाऱ्यांत ते जास्त दिसतं.

एचआयव्हीवरच्या आणखी एका औषधाचा इशारा इथेच, कारण लहान मुलांना आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ते दिलं जातं: अबॅकॅविर. त्याची ॲलर्जी बहुतेक पहिल्या सहा आठवड्यांत येते. ताप, पुरळ, उलट्या, खोकला-दम असं सगळं मिळून, आणि प्रत्येक डोसनंतर वाढत जाते. ते एकदा ॲलर्जीमुळे थांबवलं की पुन्हा चाखूनही बघायचं नाही. दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया काही तासांत जीव घेऊ शकते.

आता हातापायांवरच्या जुन्या पुळ्यांकडे येतो. वर्षभर खाज, हातांच्या आणि पायांच्या बाहेरच्या बाजूंना सारखे पुळे, खाजवून खाजवून झालेले काळे डाग, आणि सीडी४ २०० च्या खाली. केसपेपरवर याला पीपीई लिहितात, म्हणजे प्रुरायटिक पॅप्युलर इरप्शन. डास, चिलटं चावल्यावर शरीर गरजेपेक्षा जास्त चिडतं, असा त्यामागचा समज आहे. म्हणून पहिला उपाय मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. रात्री सेटिरिझिन. हातापायांवर मोमेटासोनसारखं मलम दिवसातून एकदा, सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही, चेहऱ्यावर आणि जांघेत तर नाहीच. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन. खरा उपाय मात्र टीएलडीच आहे, आणि त्याला महिने लागतात, तीन ते सहा, कधी जास्त. डाग तर त्याहून उशिरा जातात. पुढे कधी हे पुळे पूर्ण गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा उठले, तर मलम शोधण्याआधी व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूची मोजणी) करा. औषध लागू पडेनासं झाल्याची ती पहिली खूण असू शकते.

पीपीई म्हणण्याआधी खरूज नाही ना, ही खात्री हवीच. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी, कंबरपट्टा, लिंग किंवा स्तनांखाली पुळे. रात्री गादीवर पडलं की खाज दुप्पट. आणि घरातलं दुसरं कुणी खाजवतंय. तीनपैकी दोन असतील तर खरूजच धरा. पीपीई बेचक्यांत सहसा जात नाही. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेंबीत, नखांखाली, ढुंगणाच्या फटीत, सगळीकडे. प्रतिकारशक्ती कमी असेल तर डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे-तोंड सोडून. रात्रभर, ८ ते १२ तास. हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपत असतील तर सहाही जणांना एकाच रात्री, खाज असो वा नसो. चादरी, कपडे गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस. हे फसतं ते बहुतेक एकाच कारणाने: ज्याला खाज आहे त्यालाच मलम लावलं जातं. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहते, त्यासाठी पुन्हापुन्हा पर्मेथ्रिन चोळू नका.

सीडी४ फार कमी असताना खरजेचा एक वेगळा प्रकार होतो: खाज थोडी, पण हातांवर, कोपरांवर, नखांखाली जाड, करड्या खपल्या. सोरायसिस म्हणून त्याच्यावर महिनोन्महिने स्टिरॉइड चोळलं जातं. त्या खपल्यांत किडे हजारोंनी असतात आणि अख्खा वॉर्ड खाजायला लागतो. त्याला नुसतं मलम पुरत नाही, आयव्हरमेक्टिनचे वजनाप्रमाणे, किलोला २०० मायक्रोग्रॅम, अनेक डोस लागतात: पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या, पंधराव्या दिवशी.

पुढचे तीन महिने त्याच्या अंगावर आणखी काही ना काही उठू शकेल, याची तयारी ठेवा. औषधाने विषाणू झपाट्याने खाली येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, आणि शरीरात आधीच दबून बसलेल्या जंतूंशी त्या नव्याने भांडायला लागतात. डॉक्टर याला आयरिस म्हणतात. सीडी४ १०० च्या खाली असताना सुरू केलं की शक्यता जास्त. वेळ साधारण दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात. माणूस वजनाने भरत असतो, व्हायरल लोड उतरलेला असतो आणि तरी कातडी बिघडते, म्हणून घरच्यांना वाटतं औषध बाधलं. उलट आहे: औषध लागू पडलं. आयरिससाठी एआरटी थांबवायची वेळ क्वचित येते. जो जंतू असेल त्याचं औषध द्यायचं, सूज जास्त असेल तर काही दिवस प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड.

यात सगळ्यात नेहमीची नागीण. एका बाजूला पट्ट्यासारखी आग, दोन-तीन दिवसांनी त्याच जागी पाण्याच्या फोडांचे घोस. ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, ७ ते १० दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम तीन वेळा. शक्यतो ७२ तासांच्या आत, पण नवे फोड येत असतील तर उशीर झाला म्हणून सोडायचं नाही. गेरूचा लेप नको, फोडावर माती बसते आणि पू होतो. दोन टोकं जुळली की माणूस जातो, हे खरं नाही. नागीण एका नसेच्या पट्ट्यात येते आणि सहसा मधल्या रेषेपाशी थांबते. काळजी करायची ती कपाळावरच्या नागिणीची. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळा धोक्यात आहे, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. दुखण्यासाठी दुकानातून डायक्लोफिनॅक घेऊ नका. टेनोफोविर, ॲसायक्लोव्हिर आणि डायक्लोफिनॅक तिन्ही मिळून मूत्रपिंडावर भार टाकतात. भरपूर पाणी, गरज पडल्यास पॅरासिटामॉल. नंतरच्या चमका मारणाऱ्या दुखण्यावर कुणी कार्बामाझेपिन लिहून दिलं तर सांगा की रुग्ण डोल्युटेग्रॅविरवर आहे. कार्बामाझेपिन त्याची रक्तातली पातळी पाडतं. प्रेगाबॅलिन किंवा गॅबापेंटिन चालतं.

दुसरी गोष्ट कुष्ठरोग, मुंबईत ती विसरून चालत नाही. कधीपासूनचा फिकट, बधिर चट्टा अंगावर होता, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि एआरटीनंतर तो अचानक लाल, सुजलेला, चमकदार झाला, तर ती कुष्ठरोगाची रिॲक्शन, म्हणजे अचानक उसळलेली सूज, असू शकते. कोपराच्या आतली नस दुखते का, करंगळी वाकडी होते का, पाऊल उचलायला जड जातं का, ते बघा. नस दिवसांत खराब होते, म्हणून प्रेडनिसोलोन लवकर लागतं. एमडीटी (कुष्ठरोगाची औषधं) आणि एआरटी दोन्ही चालू राहतात.

चेहऱ्यावर मध्ये खड्डा असलेले मोत्यासारखे दाणे म्हणजे बहुधा मोलस्कम, विषाणूचे. ते एआरटीने हळूहळू जातात. पण असेच दाणे काही दिवसांत झरझर आले, मध्ये काळी खपली, सोबत ताप किंवा डोकेदुखी असेल, तर तो क्रिप्टोकॉकस किंवा हिस्टोप्लाझ्मा बुरशीचा आजार असू शकतो. रक्ताची क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासणी आणि दाण्याचा तुकडा काढून तपासणी, दोन्ही. मेंदूला ही बुरशी पोचली असेल तर एआरटी चार ते सहा आठवडे मागे ढकलावी लागते, म्हणून एआरटी सुरू करण्याआधीच हे बघायचं असतं. भावाची ही रक्ततपासणी झाली नसेल तर उद्याच विचारा.

नाकाच्या कडांना आणि भुवयांत तेलकट कोंडा: किटोकोनाझोल २ टक्के शांपू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून. जननेंद्रियावरचे दुखरे व्रण सुरुवातीला वाढू शकतात. ती हर्पिस, तिला ॲसायक्लोव्हिर. तळहात-तळपायांवर न खाजणारे तांबूस डाग दिसले तर व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी).

पावसाळ्यात जांघेतला नायटा तर येणारच. ओले कपडे, लोकलची गर्दी, घाम. मेडिकलवाला जी तिहेरी ट्यूब देतो तिच्यात क्लोबेटासॉल असतं. चार दिवस खाज थांबते, मग चट्टा दुप्पट पसरतो आणि त्याची कड पुसट होऊन ओळखूही येत नाही. नुसतं बुरशीचं मलम घ्या, चट्ट्याच्या दोन बोटं बाहेरपर्यंत लावा, आणि दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा.

सेंटरला जाताना पुरळाचे दोन-तीन फोटो दिवसाच्या उजेडात काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, चेहरा न येऊ देता, आणि एका कागदावर प्रत्येक औषधाची सुरू झाल्याची तारीख लिहा. मेडिकलवरून, वैद्यांकडून घेतलेलं सगळं धरून. बाहेरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलात तर एआरटी लपवू नका. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ते बांधील आहेत, आणि काही अडलं तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फुकट विचारता येतं. लपवलं की चूक कशी होते ते एका उदाहरणाने सांगतो: पुढे कधी भावाचं औषध बदलून रिटोनाविर असलेलं आलं आणि कुणी केलॉइडमध्ये (जखमेच्या वाढलेल्या वणात) किंवा गुडघ्यात ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन दिलं, तर रिटोनाविर ते स्टिरॉइड शरीरातून बाहेर जाऊ देत नाही. तोंड सुजतं, साखर वाढते आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी काम थांबवतात. नाकातल्या फ्लुटिकासोन स्प्रेनेही हे होतं.